फोन पुरेल की कॅमेरा घ्यावा? किनाऱ्यावरच्या रोजच्या फोटोंसाठी

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. वेंगुर्ल्याजवळ तुमचा घरगुती होमस्टे आहे. फोन दोन वर्षांपूर्वीचा, बऱ्यापैकी चांगला. त्यावर तुम्ही खोल्यांचे, जेवणाच्या ताटांचे, मुलांचे आणि अंगणात येणाऱ्या पक्ष्यांचे फोटो काढता. गावच्या जत्रेतल्या दशावताराचे फोटो मात्र दर वर्षी फसतात. बाजूला साठ हजार काढून ठेवलेत. मुंबईला भावाच्या कपाटात दहा वर्षांपूर्वीचा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, पडून आहे. आणि येणारा प्रत्येक पाहुणा सांगून जातो, "एवढी सुंदर जागा आहे तुमची, चांगला कॅमेरा घ्या हो!"

मी मालवणात सव्वीस वर्षं लग्नं, मुंजी, जत्रा काढतोय. सुरुवात रोलच्या कॅमेऱ्यावर झाली, आता मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा, वापरतो, आणि घरच्यांचे निम्मे फोटो फोनवरच काढतो. माझा सल्ला असा की साठ हजारांना इतक्यात हात लावू नका. भावाचा कॅमेरा मागवून घ्या, चांगल्या अवस्थेत निघाला तर त्याला एकच लेन्स घ्या, आणि तो जत्रेसाठी, मुलांसाठी ठेवा. होमस्टेचं काम फोनच करेल, आणि बऱ्याचदा कॅमेऱ्यापेक्षा बरं करेल. हे पटायला जरा विस्ताराने सांगावं लागेल.

त्याआधी एक काम करा. फोनची मागची काच उजेडाकडे तिरकी धरून बघा. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाच्या फोनच्या लेन्सवर खाऱ्या वाऱ्याचा एक पातळ थर कायम असतो, वर स्वयंपाकघरातल्या बोटांचं तेल. त्यामुळे दिव्यांच्या भोवती वलयं येतात, सगळा फोटो दुधाळ दिसतो, आणि माणूस म्हणतो कॅमेरा खराब झाला. माझ्याकडे "फोन बदलायचाय, कुठला घेऊ" विचारत आलेल्या किती जणांना मी नुसती काच पुसून परत पाठवलंय. धुतलेला मऊ सुती कपडा किंवा चष्म्याचा कपडा वापरा. पदराने पुसायची सवय सोडा, त्यात वाळूचे कण असतात.

आता फोन इतका चांगला कसा झाला ते. त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा आतला तुकडा, लहानच आहे. चांगल्या महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण १० बाय ७ मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. मधल्या किमतीच्या फोनचा याच्या निम्मा. भावाच्या डीएसएलआरमध्ये बहुधा एपीएस-सी सेन्सर असेल, साधारण २३ बाय १५ मिलिमीटर. क्षेत्रफळ महागड्या फोनच्या जवळजवळ पाचपट. अंगणात पावसाला वाटी ठेवली आणि शेजारी परात ठेवली तर पाणी परातीत जास्त जमणार, तसंच हे. पण फोनवाल्यांनी वाटी पुन्हा पुन्हा ठेवायची युक्ती शोधली. तुम्ही बटण दाबता तेव्हा फोन एक फोटो काढत नाही, पटापट अनेक काढतो, ते एकावर एक बसवतो, हललेला भाग टाकून देतो, आभाळ एकातून आणि सावलीतली होडी दुसऱ्यातून घेतो. गूगलच्या फोनमध्ये ही पद्धत २०१४ च्या सुमाराला रुळली, २०१८ मध्ये त्यांनी रात्रीच्या फोटोंसाठी ती आणखी ताणली, आणि आता सगळेच तेच करतात. संध्याकाळी होडीवाल्यांमागे सूर्य बुडतोय असा फोटो फोनवर पहिल्या दणक्यात चांगला येतो. डीएसएलआरवर तोच फोटो काढलात तर आभाळ तरी पांढरं होईल नाहीतर होडी काळी, आणि मग रात्री लॅपटॉपवर बसून दुरुस्त करत बसा.

साध्या कॅमेऱ्यांचा धंदा यामुळेच बसला. २०१० साली जगभरात बारा कोटींवर डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३ मध्ये तो आकडा ऐंशी लाखांच्याही खाली होता. खिशातला छोटा कॅमेरा गेला तो फोनमुळे, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं.

तुमच्या ताटांचं बघू. ताटाला लागतो खिडकीचा उजेड. पडवीत किंवा माजघराच्या खिडकीशेजारी ताट ठेवा, ट्यूबलाइट बंद करा. एका बाजूने दिवसाचा निळसर उजेड आणि वरून पिवळा दिवा असला की सोलकढी विचित्र जांभळी दिसते, आणि ते कुठल्याही कॅमेऱ्याला सावरत नाही. फोन ताटाच्या अगदी जवळ नेऊ नका. मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, जवळून सुरमईचा तुकडा परातीएवढा आणि मागची वाटी बोरासारखी दिसते. दोन पावलं मागे जा आणि दुप्पट झूम घ्या. चतुर्थीला केळीच्या पानावरचे उकडीचे मोदक मळकट का येतात हेही सांगतो. पांढरं काही फार दिसलं की फोनला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो फोटो काळवंडतो. मोदकावर बोट टेकवा, शेजारी सूर्याचं चिन्ह येईल, ते थोडं वर सरकवा. बस्स. यासाठी साठ हजार लागत नाहीत.

खोल्यांसाठी फोनची सर्वात रुंद लेन्स मोह पाडते. दहा बाय बाराची खोली तिच्यात दिवाणखान्यासारखी दिसते. पाहुणा येतो आणि दारातच त्याचं तोंड उतरतं. त्यापेक्षा मुख्य लेन्सने, छातीच्या उंचीवरून, फोन सरळ धरून काढा. भिंती वाकड्या दिसणार नाहीत आणि नंतर कोणी भांडणार नाही.

सड्यावरची फुलं हाही फोनचाच प्रांत. पावसात कातळावर सीतेची आसवं फुलतात, ती नखापेक्षा लहान. मोठ्या कॅमेऱ्याने काढायला गेलात तर पाकळीचं टोक स्पष्ट आणि देठ धूसर होतो, वर अगदी जवळून काढायची वेगळी मॅक्रो लेन्स लागते. फोनचा सेन्सर लहान असल्यामुळे पुढचं-मागचं दोन्ही स्पष्ट येतं. त्याच्या लहानपणाचा असा फायदाही आहे.

मग फोन नडतो कुठे? तुम्हीच सांगितलंत, जत्रेत.

दशावताराच्या रंगमंचावर तिन्ही संकटं एकत्र येतात. उजेड कमी, माणूस हलता, आणि तुम्ही लांब बसलेल्या. फोनची एकावर एक फोटो बसवायची युक्ती स्थिर गोष्टींना चालते. राजा तलवार घेऊन गिरकी मारतो तेव्हा दहा फोटोंत तो दहा ठिकाणी असतो, मग फोन एकच फोटो धरून त्याच्यावर गुळगुळीत लेप फिरवतो. नाटकातल्या राक्षसाचं, संकासुराचं तर विचारू नका. त्याचा पोशाख पायापासून डोक्यापर्यंत काळा. फोनला वाटतं इथे अंधारच आहे, म्हणून तो उजेड वाढवतो. संकासुर राखाडी होतो आणि शेजारच्या रंगवलेल्या चेहऱ्याचा पांढरा डाग. त्यात तुम्ही दहाव्या रांगेतून झूम केलंत की फोन मुख्य सेन्सर सोडून दुसऱ्या लेन्सवर जातो, तिचा सेन्सर आणखी लहान, किंवा मुख्य फोटोचाच मधला तुकडा कापून मोठा करतो. पहाटे नाटक संपतं तेव्हा दोनशे फोटो असतात आणि ठेवण्यासारखे चार.

पण इथे एक गोष्ट दुकानात तुम्हाला कोणी सांगणार नाही. नवा कॅमेरा घेतलात आणि सोबत आलेली साधी लेन्स, म्हणजे १८ ते ५५ मिलिमीटरची १८-५५ वाली (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), लावून जत्रेत गेलात, तर फोटो तितकेच फसतील. लेन्सवर जो एफ आकडा असतो तो जितका लहान तितका उजेड जास्त. फोनच्या मुख्य लेन्सचा तो १.८ च्या आसपास. १८-५५ लेन्स पूर्ण झूम केली की तो ५.६ होतो. हिशेब केला तर फोनची लेन्स सेन्सरच्या तेवढ्याच जागेवर नऊ-दहापट उजेड सोडते. कॅमेऱ्याचा सेन्सर पाचपट मोठा, म्हणजे गोळाबेरीज करता कॅमेराच मागे पडला! सत्तर हजारांचा कॅमेरा घेऊन "माझा फोन बरा होता" म्हणणारे मी बरेच पाहिलेत. त्यांचा कॅमेरा वाईट नव्हता, पुढे लावलेली लेन्स आंधळी होती.

त्याच जुन्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स लावा. लेन्स फोनच्या लेन्सइतकीच उघडी आणि सेन्सर पाचपट. शिवाय एपीएस-सीवर ती लेन्स थोडी लांबचं जवळ आणते, चौथ्या-पाचव्या रांगेतून कमरेपासून वरचा राजा भरून येतो. कॅनन आणि निकॉन दोघांच्याही ताफ्यात ही सर्वात स्वस्त लेन्सांपैकी एक आहे, जुनी तर आणखी कमी पैशात मिळते. कॅमेरा टीव्ही (Tv) किंवा एस (S) मोडवर ठेवा, त्यात शटरचा वेग आपण ठरवतो. शटर १/२५० सेकंद, आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते, १६०० ते ३२००. कमी उजेडात लेन्स आपोआप पूर्ण उघडते. मंडपात स्वस्तातले एलईडी लावले असतील तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात, कारण आपल्याकडच्या विजेवर ते सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. मग शटर १/१०० करा आणि नट संवाद म्हणताना थांबेल तेव्हाच दाबा. आयएसओ वाढवल्यामुळे फोटोत दाणे थोडे दिसतील. दिसू देत. धूसर राजापेक्षा दाणेदार राजा बरा.

मुलांचंही याच लेन्सने जमेल. पायरीवर बसलेलं पोर, मागे सुपारीची बाग विरघळलेली, हा फोटो फोनचा पोर्ट्रेट मोडही करून देतो, पण तो कात्रीने कापल्यासारखा करतो. केसांच्या बटा आणि चष्म्याची काडी मागच्या धूसरात गडप होते. लेन्स ते कापून करत नाही, ते मुळातच तसं दिसतं.

पक्ष्यांसाठी मात्र ना फोन, ना ही लेन्स. समुद्री गरुड, आपला काकण, माडाच्या शेंड्यावर बसलेला असतो. चांगल्या झूमवाल्या फोनची लेन्स साधारण १२० मिलिमीटरच्या तोडीची असते, त्यापुढे जे दिसतं ते फोनने अंदाजाने रंगवलेलं. पिसांच्या जागी जलरंगाचे फटकारे येतात. २०२३ मध्ये चंद्राच्या फोटोंवरून असाच वाद झाला होता. मुद्दाम धूसर केलेलं चंद्राचं चित्र एका नामवंत कंपनीच्या फोनने टिपलं आणि त्यात नसलेले खड्डे भरून दिले. एपीएस-सी कॅमेऱ्याला ५५-२५० किंवा ७०-३०० लेन्स लावली की तुम्ही ४०० मिलिमीटरच्या तोडीला किंवा त्याच्याही पुढे जाता. अंगणातला खंड्या, धनेशाची जोडी यांना ती पुरते. पण ही हौस खरोखर आहे का ते आधी वर्षभर बघा. आणि काकणाच्या घरट्याखाली जाऊन उभं राहायचं नाही, लेन्स कितीही लांब असो. कासवांची पिल्लं बघायला गेलात, वेळास असो की आपलं वायंगणी, तर फ्लॅश आणि टॉर्च दोन्ही बंद. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात आणि समुद्राऐवजी भलतीकडे जातात.

फोन नडतो अशी आणखी एक जागा सांगतो, ती कोणाच्या लक्षात येत नाही. राजापूरजवळ कशेळीला कातळावर मोठा हत्ती कोरलेला आहे, त्याच्या पोटात आणखी किती प्राणी. या कातळशिल्पांच्या रेषा उथळ आहेत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरकं ऊन पडलं की प्रत्येक रेषेत सावली भरते आणि चित्र उभं राहतं. फोनला सावली आवडत नाही. तो ती उजळतो, आणि रेषा कातळात मिसळून जाते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घाईत फोनवर काढले, घरी येऊन बघतो तर नुसता लाल दगड. फोनच्या प्रो मोडमध्ये रॉ फाइल, म्हणजे फोनने न सुधारलेला कच्चा फोटो, घेतली तर सावली राहते, किंवा उजेडाची पट्टी खाली ओढायची. माणसांच्या चेहऱ्यांचंही तेच. मालवणच्या बाजारात एका मावशींचा फोटो फोनवर काढून दाखवला. त्वचा मऊ करायची सोय चालू राहिली होती. त्या बघून हसल्या, "फोटो बरो इलो, पण ही मी न्हय." तेव्हापासून ती सोय कायमची बंद. तुमच्याही फोनमध्ये "ब्युटी" नावाने असेल, बघून घ्या.

आता कोकणातला खरा खर्च. मुंबई-पुण्याचे लोक कॅमेऱ्याचा सल्ला देतात तेव्हा हे धरत नाहीत. इथे कॅमेरा विकत घेणं सोपं, सांभाळणं अवघड. माझी एक ७०-२०० लेन्स एका पावसाळ्यात कापडी बॅगेत राहिली. लग्नं नव्हती, म्हणून काढली नाही. नवरात्रात उघडली तर आत कोळ्याने विणावं तसं पांढरं जाळं. बुरशी. साफ करून घेतली, पण काचेवरचा लेप बुरशीने खाल्लेला, उन्हासमोर धरली की फोटो कायमचा फिका. हवेतला दमटपणा साठ-सत्तर टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर तो त्याखाली येतच नाही. कापडी आणि चामडी बॅग तर दमटपणा शोषून धरते. जुने स्टुडिओवाले कपाटात झिरोचा बल्ब जळत ठेवायचे ते याचसाठी. आता बल्बची गरज नाही. रबरी कडेचा घट्ट झाकणाचा प्लास्टिक डबा घ्या, आत सिलिका जेल आणि दमटपणा दाखवणारं छोटं घड्याळ. काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहिला पाहिजे. जेलचे दाणे रंग बदलले की मंद आचेवर कोरडे करून परत टाका. तांदळात ठेवू नका, त्याची भुकटी फिरत्या भागांत जाते. आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरा.

खाऱ्या वाऱ्यात वापरून आलात की गोड्या पाण्यात घट्ट पिळलेल्या कपड्याने बाहेरून पुसा, मग कोरड्याने. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही. एसी गाडीतून उतरून लगेच बॅग उघडायची नाही, काच घामेजते. फोनही यातून सुटत नाही. जाहिरातीतलं आयपी ६८, म्हणजे पाण्यात टिकण्याचा दर्जा, हे गोड्या पाण्याचं आहे. समुद्रात बुडवून फोटो काढणाऱ्यांचं चार्जिंगचं तोंड काही दिवसांत हिरवं होतं, आणि पाणी गेलेल्या फोनला वॉरंटी सहसा लागू होत नाही.

छपाईची चिंता तुम्ही केली होतीत. करू नका. ए-फोर आकाराच्या उत्तम छपाईला नऊ मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. फोटो बिघडतो तो प्रेसवाल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना, कारण तिथे त्याचा आकार कमी होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा जाईल.

राहिला भावाचा कॅमेरा. पार्सल आलं की बॅटरी आधी बघा. फुगलेली असेल तर आत घालू नका, नवी घ्या. लेन्स काढून अंधाऱ्या खोलीत एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. धुळीचे चार कण चालतील. जाळं किंवा बारीक मुळांसारख्या रेषा दिसल्या तर ती लेन्स तुमच्या डब्यात इतर सामानाबरोबर ठेवू नका. १८-५५ असेल तर दुरुस्तीत पैसे घालण्यातही अर्थ नाही. नुसती बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, ठणठणीत असली की पुरे. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो एफ १६ वर काढा, काळे ठिपके दिसले तर सेन्सर साफ करून घ्यावा लागेल.

लेन्स घेताना एक फसगत टाळा. कॅमेरा निकॉनचा असेल आणि मॉडेल डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतलं असेल, तर त्याच्या बॉडीत फोकसची मोटर नसते. त्याला ५० मिलिमीटरची 'डी' लेन्स स्वस्त मिळते म्हणून घेतलीत तर ती आपोआप फोकस करणार नाही. 'जी' लिहिलेली एएफ-एस लेन्सच घ्या. कॅननच्या डीएसएलआरला ५० ची एसटीएम लेन्स बिनधास्त बसते. विकत घेण्याआधी दुकानातच लावून, दाराबाहेरच्या माणसावर फोकस करून बघा. जत्रा कार्तिकात सुरू होतात, तोवर घरी संध्याकाळी एका दिव्याखाली मुलांना नाचायला लावून सराव करता येईल.